दात्याची मर्यादा : लिथियम-आयन सेलचे चार्जिंग आणि दानाची सहा अंगे

लिथियम-आयन सेलला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. एकट्या सेलसाठी चार्जिंगचे सर्किट कोणते निवडावे, हा प्रश्न या एका उणिवेतून उभा राहतो. लेड-ॲसिड बॅटरीला जास्त वीज मिळाली तर तिच्यातल्या पाण्याचा वायू होऊन निघून जातो. पाणी भरले की ती पुन्हा कामाला लागते. निकेल-कॅडमियम सेल थोडी जादा वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. लिथियम-आयन सेलजवळ अशी पळवाट नाही. नेहमीच्या सेलचे व्होल्टेज ४.२च्या पुढे रेटत नेले की धन बाजूच्या पदार्थातून प्रमाणाबाहेर लिथियम निघते आणि त्याची रचना ढासळू लागते. ऋण बाजूवर धातुरूप लिथियमचा थर बसतो, आतले द्रावण विघटित होऊन वायू सुटतो. सेल फुगतो, तापतो आणि प्रसंगी पेट घेतो. जेवढे दिले जाईल तेवढे तो घेत राहतो. थांबायचे कुठे हे ठरवण्याची शक्ती त्याच्यात नाही.

धर्मविचाराच्या दृष्टीने ही स्थिती महत्त्वाची आहे. संयमाचा उपदेश बहुतेक परंपरांनी घेणाऱ्याला केला आहे. गीतेचा सहावा अध्याय योग्याला आहार-विहारात युक्त राहायला सांगतो. बौद्ध भिक्षूला भोजनाची मात्रा ओळखावी लागते. जैन श्रावक परिग्रहाचे परिमाण व्रत म्हणून स्वतःच ठरवून घेतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक भाग अन्नाला, एक द्रवाला आणि एक वातादी दोषांच्या हालचालीला मोकळा ठेवायला सांगितला आहे. या सर्व उपदेशांत एक गृहीत आहे : घेणाऱ्याला मन आहे आणि त्याने ठरवले तर तो थांबू शकतो. जिथे घेणाऱ्याला थांबताच येत नाही, तिथे संयम कोणी पाळायचा? याचे उत्तर भोगाच्या विचारात सापडत नाही, दानाच्या विचारात सापडते. तिथे मर्यादा दात्याची असते, आणि ती कळणे हा त्याच्या दानाचाच भाग असतो.

पांढुर्णा आणि सौंसर भागात हा प्रश्न रोजच्या वापरातला आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. मध्य प्रदेशात असला तरी हा मराठी बोलणारा, संत्रा आणि कापूस पिकवणारा मुलूख आहे. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जाणाऱ्याच्या हातातला टॉर्च, गोठ्यातला सौर कंदील, खिशातला मोबाइल, या सगळ्यांत आज लिथियम-आयन सेल असतो. टॉर्च दुरुस्त करणारा कारागीर, आयटीआयचा विद्यार्थी किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दिवा बनवणारी मुलगी, यांना केव्हा ना केव्हा चार्जिंगचे सर्किट निवडावे लागते. देण्यातली मर्यादा इथल्या शेतकऱ्याला नवी नाही. बहार धरण्यासाठी तो संत्र्याच्या बागेला ताण देतो, म्हणजे जमिनीचा मगदूर पाहून काही काळ पाणी तोडतो. ओलित करतानाही दुहेरी आळे करून पाणी खोडाला लागू देत नाही, कारण खोडापाशी पाणी साचले तर डिंक्या लागतो. झाड पाणी नको म्हणत नाही. केव्हा आणि किती द्यायचे हे बागवानाला कळावे लागते.

दानाचे शास्त्र भारतीय परंपरेत फार बारकाईने मांडले गेले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याचा एक पूर्ण खंड दानाला वाहिलेला आहे. देवल स्मृतिकाराने दानाची सहा अंगे सांगितली आहेत : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्मयुक्त देय, देश आणि काल. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात उदारपणाची हीच कसोटी ठेवली : योग्य माणसाला, योग्य प्रमाणात, योग्य वेळी देणे. चार्जिंगच्या सर्किटची निवड या सहा अंगांच्या आधारे तपासली की त्यातले तांत्रिक निर्णय आणि त्यामागचे नैतिक प्रश्न दोन्ही उलगडतात.

देय

स्मृतिकारांच्या मते देय वस्तू न्यायाने मिळवलेली आणि घेणाऱ्याच्या हिताची असली पाहिजे. सेलच्या बाबतीत देय म्हणजे मोजून दिलेले करंट आणि व्होल्टेज. ही वीज दोन टप्प्यांत दिली जाते. आधी करंट स्थिर ठेवून सेल भरला जातो आणि त्याचे व्होल्टेज हळूहळू चढते. ते ४.२ला पोचले की सर्किट व्होल्टेज तिथेच धरून ठेवते आणि करंट आपोआप उतरत जातो. नुसता पाच व्होल्टचा ॲडाप्टर रेझिस्टर लावून थेट सेलला जोडणे हे चार्जिंग नव्हे. त्यात मर्यादेची व्यवस्थाच नाही. चांगल्या चार्जिंग आयसीमध्ये, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपमध्ये, ४.२ व्होल्टची मर्यादा एक ते दीड टक्क्याच्या आत पाळली जाते. ही अचूकता अनावश्यक वाटण्याजोगी असली तरी सेलचे आयुष्य तिच्यावर ठरते.

इथे पहिला तात्त्विक प्रश्न येतो : काठोकाठ भरणे म्हणजेच उत्तम देणे का? सेल ४.२ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबवला तर एका वेळी साधारण दहा टक्के वीज कमी साठते. पण सेल किती वेळा भरता-रिकामा करता येईल ती संख्या बरीच वाढते. पूर्ण भरलेला सेल उष्णतेत पडून राहिला तर सर्वांत लवकर म्हातारा होतो. म्हणून आज रात्रीपुरते पाहणारा दाता ४.२ निवडेल, आणि पुढच्या काही वर्षांच्या रात्री पाहणारा ४.१. देण्याचे मोल एका वेळच्या राशीवरून ठरत नाही, घेणाऱ्याच्या सगळ्या आयुष्याला ते किती पोसते यावरून ठरते. सेल ही व्यक्ती नसली तरी हा हिशेब सेलवर अवलंबून असलेल्या घराला लागू पडतो, कारण नवा सेल विकत घेण्याचा खर्च त्या घरालाच करावा लागतो.

पात्र

पात्राची, म्हणजे घेणाऱ्याची, पारख ही सर्किट निवडण्यातली सर्वांत मोठी पायरी आहे. दिसायला सारखे असणारे दोन सेल रसायनाने वेगळे असू शकतात. कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीजवर आधारलेला नेहमीचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची मर्यादा ३.६ ते ३.६५ व्होल्ट आहे, त्याला ४.२चे सर्किट लावणे म्हणजे त्याचा नाश. मोबाइलमधले काही सेल ४.३५ किंवा त्याहून अधिक व्होल्टेजसाठी बनवलेले असतात, ते ४.२वर भरले तर सुरक्षित राहतात, थोडे अपुरे भरतात एवढेच. टीपी ५००० सारख्या आयसीमध्ये ३.६ आणि ४.२ यांतून निवड करता येते. रसायन ओळखूनही मर्यादेविषयी शंका उरली तर कमी व्होल्टेजची बाजू घ्यावी, हा नियम त्यामुळे कधी घात करत नाही.

रसायनानंतर क्षमता येते. सर्वसाधारण सेलला त्याच्या क्षमतेच्या निम्म्या करंटने भरणे हितकर. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला एक अँपिअर योग्य; ३०० मिलिअँपिअर-तासांच्या चपट्या सेलला तोच करंट मारक. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या टीपी ४०५६ आयसीच्या मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला येतो आणि तो एक अँपिअर देतो. लहान सेलसाठी त्या जागी १० किलोओहमचा बसवला तर करंट १३० मिलिअँपिअरच्या आसपास उतरतो. एका छोट्या रेझिस्टरची ही अदलाबदल म्हणजे पात्र पाहून देणे होय.

तिसरी पारख सेलच्या अवस्थेची. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल टॉर्चमध्ये वापरण्याची पद्धत आहे. असा सेल दीर्घकाळ दोन व्होल्टच्या खाली पडून राहिला असेल तर आतले तांबे विरघळलेले असू शकते; पुन्हा चार्ज केल्यावर ते आतच शॉर्ट घडवते. अशा सेलला वीज न देणे हाच विवेक आहे. दानशास्त्रात अपात्राला दिलेले दान व्यर्थ मानले. इथे ते धोकादायकही ठरते.

पात्रतेचा हा विचार स्वीकारताना परंपरेतला एक दोष दूर ठेवावा लागतो. जुन्या ग्रंथांत दानाची पात्रता बहुतांशी जन्मावर, ब्राह्मणत्वावर बांधली गेली. जोतीराव फुले यांनी एकोणिसाव्या शतकात या बांधणीवर कठोर प्रहार केला, आणि तो योग्यच होता. पात्रता गरजेवरून आणि गुणधर्मावरून ठरावी. सेलच्या बाबतीत ती मोजून पाहता येते : रसायन कोणते, क्षमता किती, उरलेले व्होल्टेज किती, अंतर्गत रोध किती. मोजून ठरणाऱ्या पात्रतेत पक्षपाताला जागा राहत नाही.

काल

काळाचे भान सर्किटमध्ये चार ठिकाणी लागते. पहिले सुरुवातीला : सेल फार उतरलेला असेल तर त्याला एकदम पूर्ण करंट सोसत नाही. टीपी ४०५६ मध्ये व्होल्टेज सुमारे २.९च्या खाली असताना ठरवलेल्या करंटचा फक्त एक दशांश दिला जातो. दुसरे मधल्या काळात, जेव्हा सेल पूर्ण करंट घेऊ शकतो. तिसरे अखेरीस : करंट उतरून एक दशांशावर आला की चार्जिंग तोडले जाते. चौथे नंतरचे : सेल वापरात उतरून सुमारे ४.०५ व्होल्टवर आला की सर्किट पुन्हा सुरू होते, तोवर शांत राहते.

यांतला तिसरा क्षण चार्जिंगच्या सर्किटचे खरे मोल दाखवतो. लेड-ॲसिड बॅटरीला हलक्या व्होल्टेजवर कायम जोडून ठेवता येते. लिथियम-आयन सेलला तसे सतत देत राहणे मानवत नाही. देणे सुरू करण्यापेक्षा थांबवणे अवघड असते, कारण थांबण्याची वेळ घेणाऱ्याच्या आतल्या बदलावरून ओळखावी लागते. उतरता करंट ही त्याची खूण. घेणाऱ्याने न बोलता दिलेल्या खुणा वाचणे हे दात्याचे कर्तव्य ठरते, आणि ज्याला त्या वाचता येत नाहीत त्याने वेळेची मर्यादा तरी घालावी; म्हणून काही आयसींमध्ये ठरावीक तासांनंतर चार्जिंग बंद करणारा सुरक्षा टायमर असतो.

देश

देशाचा विचार म्हणजे या मुलखाच्या उन्हाचा विचार. नागपूरच्या उत्तरेला लागून असलेल्या या भागात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात जातो. बहुतेक लिथियम-आयन सेलांना शून्य ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचे असते. शून्याखालची चिंता इथे सहसा नाही, वरची आहे. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवलेल्या बंद प्लास्टिकच्या कंदिलात सेलचे तापमान हवेपेक्षा बरेच वर चढते. थंड देशात नीट चालणारे सर्किट इथे जसेच्या तसे घेणे म्हणून चूक ठरते.

यावर तीन उपाय आहेत. सेलला चिकटवलेला १० किलोओहमचा थर्मिस्टर तापमान सांगतो आणि मर्यादा ओलांडली की सर्किट थांबते. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने घालून दिलेल्या जेईआयटीए मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालणाऱ्या आयसी उष्णतेत चार्जिंग एकदम तोडण्याआधी व्होल्टेज किंवा करंट उतरवतात. दुसरा उपाय सर्किटची स्वतःची उष्णता कमी करण्याचा. लिनिअर आयसी जादा व्होल्टेज उष्णता करून घालवते : पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर ३.७ व्होल्टच्या सेलला एक अँपिअर देताना १.३ वॅट उष्णता होते आणि सेल उतरलेला असेल तेव्हा ती दोन वॅटच्या घरात जाते. ही उष्णता सेलच्या शेजारीच निर्माण होते. करंट निम्मा केला तर ती निम्मी होते. स्विचिंग पद्धतीची आयसी घेतली तर आणखी घटते. तिसरा उपाय मांडणीचा : सौर पॅनेल उन्हात, सेल सावलीत. उष्णता सोसणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची निवडही याच विचारात बसते, मात्र त्यात तेवढ्याच आकारात वीज कमी मावते.

दाता

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दानावर एक बंधन आहे : कुटुंबाला अडचण न आणता द्यावे. दात्याचीही शक्ती मर्यादित असते आणि तिच्यावर आधी अवलंबून असलेल्यांचा हक्क असतो. सौर पॅनेलवर चालणाऱ्या चार्जिंगमध्ये हे बंधन शब्दशः लागू पडते. ढग आले की पॅनेलची क्षमता घटते. साध्या लिनिअर मॉड्यूलने ठरलेलाच करंट ओढायचा प्रयत्न केला तर पॅनेलचे व्होल्टेज कोसळते आणि जे मिळू शकत होते तेही मिळत नाही. सीएन ३०६५ सारखी आयसी पुरवठा किती देऊ शकतो हे पाहून करंट स्वतः कमी-जास्त करते. बीक्यू २४०७४ मध्ये याच्या पुढची सोय आहे : आलेल्या विजेवर पहिला हक्क चालू असलेल्या दिव्याचा, उरलेली सेलला. पुरवठा कमी पडू लागला तर सेलचा वाटा आधी घटतो.

या वाटणीचा आणखी एक लाभ आहे. चार्जिंग सुरू असताना दिवा थेट सेललाच जोडलेला असेल तर सर्किटला दिसणाऱ्या करंटमध्ये दिव्याचा करंट मिसळतो. सेल भरला तरी करंट एक दशांशावर येत नाही आणि थांबण्याची खूण हरवते. दिव्याचा मार्ग वेगळा काढला की सेलची खूण पुन्हा स्वच्छ दिसते. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ यथाशक्ति संविभाग, म्हणजे आपल्या शक्तीप्रमाणे नीट वाटून घेणे, असा केला आहे. विनोबांनी भूदानाच्या चळवळीत हाच अर्थ पुढे आणला. वाटप नीट असेल तर कोणाच्याही गरजेचा गोंधळ दुसऱ्याच्या गरजेत होत नाही, ही गोष्ट या छोट्या सर्किटमध्येही खरी ठरते.

श्रद्धा

सहावे अंग श्रद्धा. गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या अखेरीस श्रद्धेविना दिलेल्या दानाला असत् म्हटले आहे. तंत्रज्ञानात श्रद्धेचा अर्थ डोळे मिटून विश्वास ठेवणे असा होत नाही. १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले आढळते. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलांची क्षमता ३५०० किंवा त्याच्या थोडी पुढे असते. अशा छापावर विसंबून करंट ठरवला तर सेलला त्याच्या खऱ्या क्षमतेच्या कितीतरी पट जास्त मिळेल. श्रद्धा म्हणजे घेणाऱ्याच्या हिताविषयीची आस्था, जी कोणी पाहत नसतानाही टिकते.

याचे ठळक उदाहरण स्वस्त मॉड्यूलमध्येच दिसते. टीपी ४०५६ मध्ये तापमान पाहण्यासाठी स्वतंत्र पिन आहे. बहुतेक तयार मॉड्यूलमध्ये ती ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते. दिवा लागतो, चार्जिंग होते, वापरणाऱ्याला काही जाणवत नाही. उणीव कळते ती मे महिन्याच्या दुपारी. तसेच संरक्षण सर्किटचे. डीडब्ल्यू ०१ सारखी आयसी व्होल्टेज सुमारे ४.३च्या वर किंवा २.४च्या खाली गेले, किंवा शॉर्ट झाला, तर सेल वेगळा करते. चार्जिंग आयसी नीट असेल तर तिचा उपयोग कदाचित वर्षानुवर्षे होणार नाही. तरी ती बसवणे आवश्यक आहे, कारण पहिली मर्यादा मोडली तर दुसरी उरली पाहिजे. वापरणाऱ्याला न दिसणारी आणि बहुधा कधी न लागणारी ही दक्षता म्हणजेच बनवणाऱ्याची श्रद्धा.

आक्षेप आणि त्याची सीमा

या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की सेल जड आहे. त्याला सुख-दुःख नाही, म्हणून त्याच्याबाबत धर्माची भाषा अप्रस्तुत आहे. हे अंशतः मान्य करावे लागते. सेलबद्दल थेट कर्तव्य नाही. पण सेलमागे माणूस आहे : कंदील डोक्याशी ठेवून झोपणारे मूल, जागलीवर टॉर्च विझल्यावर अंधारात अडकणारा शेतकरी. सर्किट निवडणारा बहुधा त्यांना कधी भेटत नाही. अनोळखी माणसाच्या सुरक्षेचा निर्णय त्याच्या गैरहजेरीत घेणे हे नैतिक कृत्यच आहे, आणि अहिंसेचा विचार इथे पूर्णपणे लागू होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घेणाऱ्याची मर्यादा दात्याने ठरवावी असे म्हटले तर बलवानाला दुर्बळाच्या आयुष्यावर अधिकार मिळेल. याचे उत्तर सेलच्या उणिवेतच आहे. दात्याने मर्यादा ठरवण्याचा अधिकार घेणारा बोलू शकत नाही म्हणूनच निर्माण होतो, आणि तेवढ्यापुरताच राहतो. तान्हे मूल, जनावर, झाड, माती, सेल यांच्या बाबतीत दात्याने खुणा वाचून थांबावे. बोलू शकणाऱ्या माणसाला मात्र विचारले पाहिजे. त्याचे ‘पुरे’ आणि त्याचे ‘अजून हवे’ दोन्ही त्याचेच आहेत. जिथे घेणारा बोलतो तिथे संयम त्याचा, जिथे तो मुका आहे तिथे संयम दात्याचा.

यातून निवडीचे नियम सरळ निघतात. मोबाइलच्या ॲडाप्टरवर चालणाऱ्या टॉर्चसाठी ४.२ व्होल्टची लिनिअर आयसी पुरते. करंट क्षमतेच्या निम्मा, थर्मिस्टर चालू आणि संरक्षण सर्किट स्वतंत्र. उन्हाळ्यात रोज सूर्यावर भरणाऱ्या कंदिलासाठी पुरवठा पाहून करंट बदलणारी आणि दिव्याचा मार्ग वेगळा ठेवणारी आयसी घ्यावी, आणि जमेल तिथे ४.१ व्होल्टवर थांबवावे किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६ व्होल्टच्या आयसीसह वापरावा. रसायन ओळखता न आलेला किंवा फार काळ उतरून पडलेला सेल चार्जच करू नये. या तिन्ही नियमांमागे एकच कसोटी आहे : जो नाही म्हणू शकत नाही त्याला देताना, थांबण्याची जबाबदारी देणाऱ्याने आधी स्वीकारलेली असली पाहिजे.